बोनस किती, यापेक्षा तो कधी आणि कशावर

बँक बुडाली की पहिले बोट साहेबांच्या पगाराकडे जाते. 2008 च्या अमेरिकी संकटाबद्दलही हेच बोलले जाते: वरच्यांनी तिजोरी रिकामी केली. राग रास्त आहे, हिशेब मात्र जुळत नाही. 15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक दिवाळखोरीत गेली तेव्हा तिची देणी 600 अब्ज डॉलरहून जास्त होती. त्यापुढे पगाराची रक्कम किरकोळ. घात केला तो पगार ठरवण्याच्या रीतीने.

ही रीत खालपासून चाले. घरकर्ज मिळवून देणाऱ्या दलालाला कर्ज वाटप होताच कमिशन मिळे आणि व्याजदर चढा लावला तर अनेकदा ते वाढे. कर्जदार पुढे हप्ते भरेल का, ही त्याची काळजी उरत नसे. बँक ती कर्जे रोख्यांत बांधून विके. त्या रोख्यांना मानांकन देणाऱ्या संस्थेची फीसुद्धा रोखे काढणाराच भरे. कर्ज बुडायला काही वर्षे लागतात, बोनस मात्र वर्ष संपताच हातात पडे.

दुसरा समज चटकन पटतो: प्रमुखाचा स्वतःचा पैसा बँकेच्या शेअरमध्ये अडकला असेल, तर तो जपून वागेल. लेहमनचे प्रमुख रिचर्ड फल्ड यांच्याकडे भरपूर शेअर होते आणि ते मातीमोल झाले. मग प्रलोभनाला दोष कसा द्यायचा? हार्वर्डचे लुसियन बेबचुक आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासल्या. 2000 ते 2008 या काळात बोनस आणि शेअरविक्रीतून त्याच संकटात कोसळलेल्या बेअर स्टर्न्स बँकेच्या वरच्या पाच जणांनी सुमारे 1.4 अब्ज डॉलर, तर लेहमनच्या पाच जणांनी सुमारे 1 अब्ज डॉलर आधीच काढून घेतले होते.

शिवाय लेहमनकडे दर 30 डॉलरच्या मालमत्तेमागे स्वतःचा जेमतेम 1 डॉलर होता. भाव चढले तर सगळा नफा भागधारकांचा. कोसळले तर त्यांचा तो एक डॉलर जातो, बाकीची झळ पैसे देणाऱ्यांना. अशा बँकेत भागधारकाच्या नजरेने पाहणारा प्रमुख उलट जास्त धाडस करतो.

मग बोनसला मर्यादा घालावी? युरोपीय संघाने 2014 पासून तो मूळ पगाराइतकाच, भागधारकांच्या संमतीने फार तर दुप्पट, असा बांधला. बँकांनी मूळ पगार वाढवले आणि तोट्याच्या वर्षी ते कापता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेचे 2019 चे नियम मला अधिक शहाणे वाटतात: खासगी बँकेच्या प्रमुखाचा निम्मा तरी मोबदला कामगिरीवर, त्यातला किमान 60 टक्के भाग निदान तीन वर्षांत विभागून आणि गरज पडल्यास दिलेला परत घेण्याची सोय. वीस वर्षांच्या घरकर्जापुढे तीन वर्षे मात्र थोडीच.

तरी प्रत्येक संकट बोनसच्या माथी मारू नये. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईच्या पीएमसी सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला जेमतेम 1,000 रुपये काढता येत होते. 70 टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे होते आणि ते खोट्या खात्यांआड दडवलेले होते. तिथे बोनसचा कोणताही नियम उपयोगी पडला नसता. कमी पडली ती खात्यांची तपासणी.