बास गुरगुरावा, पण हरवू नये

देवनहळ्ळीजवळचा विमानतळ २००८ मध्ये सुरू झाला. बंगळुरूचे रॉकवेड मात्र त्याआधीचे! २००७ मध्ये पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा बँड वाजला. त्याचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस बास गिटारच वाजवतो.

अशा मैफली ऐकून बास हाती घेणाऱ्या मुलांना लगेच डिस्टॉर्शन पेडल हवे असते. दुकानात ते छान गरजते. ड्रमबरोबर वाजवले की बास गायब, आणि आईबाबांचे पैसेही!

गंमत अशी, की हा फाटका आवाज गाजला तो बिघाडामुळे. मार्टी रॉबिन्सच्या १९६१ च्या ‘डोन्ट वरी’ गाण्यात ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बास स्टुडिओतल्या नादुरुस्त यंत्रातून गुरगुरत उमटला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तसा आवाज काढणारी पेटीच बनवली. १९६२ मध्ये ती ‘फझ-टोन’ म्हणून बाजारात आली.

बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. गिटारसाठीच्या पेडलमध्ये बहुधा हा खालचा भरीव सूरच पातळ होतो. म्हणून मूळ आवाज मिसळणारे, ‘ब्लेंड’चे बटण असलेले पेडल घ्यावे. आधी साधा आवाज ठेवून गुरगुर हळूहळू वाढवावी, तीही ड्रमवाल्या मित्राला सोबत बसवून.