आहे तसे घर, आहे तसे शेत



मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीची काढणी चालली असली, तर आपल्याला त्यात नवल वाटत नाही. ताटे मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे खुडायची, कडबा रचायचा. हे आपले दरसालचेच काम. पण पुण्या-मुंबईच्या ज्या घरात या ज्वारीची भाकरी होते, तिथल्या लेकरांनी ज्वारीचे ताट पाहिलेलेही नसते. म्हणून एखादा मुलगा हे काम मोबाईलवर टिपून यूट्यूबवर घालतो, तेव्हा अनोळखी माणसे ते मन लावून पाहतात. आपल्याला जे साधे, तेच त्यांना अपूर्वाईचे!

रोजच्या कामातून दूरच्या माणसाला आपलेसे करणे ही काही नवी विद्या नव्हे. आपल्याच माढा तालुक्यात, अरण गावी, तेराव्या शतकात सावता महाराज मळा करीत होते. त्यांनी अभंगात मळ्यातली भाजी आणली, मोट आणली. जनाबाईंनी दळणकांडण आणले. सातशे वर्षे उलटली, तरी वारीच्या वाटेवर ते शब्द लोकांच्या तोंडी आहेत. कारण ती माणसे जे जगली, तेच बोलली.

आजच्या काळातले उदाहरण शेजारच्या जिल्ह्यातले आहे. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजी. सत्तरीच्या घरात असताना, २०२० साली, त्यांनी नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ या नावाने यूट्यूबवर स्वयंपाक दाखवायला सुरुवात केली. आजींनी वेगळे काय केले? घरात जसे बोलतात तसे बोलल्या, आणि रोज करतात तशी भाजी केली. थोड्याच महिन्यांत लाखो लोक त्यांचे प्रेक्षक झाले. पाहणाऱ्याला त्यांच्यात आपली आजी दिसली, हेच त्याचे मर्म.

आपल्या घरात कुणी असे काही करू म्हणत असेल, तर त्याला हसू नका. मात्र चार गोष्टी आधी ठरवून घ्या.

पहिली गोष्ट, खोटा साज नको. पाहुणे येणार म्हणून आपण अंगण सारवतो, ते ठीक. पण दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत उभे राहून ती आपली म्हणून सांगू नये. तेल्या रोगाने बाग गेली असेल, तर तीही दाखवावी. नुकसान दाखवणाऱ्याचा शब्द पुढे माल विकताना खरा धरला जातो. शेंगाचटणी विका की हुरड्याला माणसे बोलवा, गिऱ्हाईक आधी माणूस पाहते, मग माल. एकदा लबाडी उघडी पडली, की गेलेली पत परत येत नाही.

दुसरी गोष्ट घरातल्या बायामाणसांची. सून चुलीपुढे घामाघूम बसली आहे आणि दीर मोबाईल रोखून उभा आहे, हे बरे नव्हे. तिला आधी विचारावे, आणि ती नको म्हणाली तर तिथेच थांबावे. घरातले भांडण, कुणाचे आजारपण, सावकाराचे देणे, लेकरांचे रडणे हे जगाला दाखवायचे नसते. खरे दाखवायचे म्हणजे सगळेच उघडे करायचे, असा त्याचा अर्थ नाही. घराला दार असते ते याचसाठी.

तिसरी गोष्ट पैशाची. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला निदान १००० सभासद लागतात. शिवाय वर्षभरात लोकांनी आपली चित्रे मिळून ४००० तास पाहिलेली असावी लागतात, किंवा ९० दिवसांत छोटी चित्रे एक कोटी वेळा पाहिली गेलेली असावी लागतात. तेव्हा यावर कर्ज काढू नये, की पेरणी सोडून याच्या मागे लागू नये.

चौथी गोष्ट, ही जागा दुसऱ्याच्या मालकीची आहे. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी जणांनी जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. त्याच वर्षी आजींचे खातेही चोरट्यांनी काही दिवस पळवले होते; सुदैवाने ते परत मिळाले. म्हणून आपली चित्रे स्वतःजवळ जपून ठेवावीत, आणि मोबाईलवर येणारा गुप्त आकडा कुणालाही सांगू नये.

एवढे सांभाळले, तर भीती कसली? उद्या आगटीत कणसे भाजाल, तेव्हा हुरडा हातावर चोळताना दोन शब्द बोला. कोणते वाण, पेरणी कधी झाली, पाऊस कसा झाला, कडब्याला काय भाव मिळाला. भाषा घरचीच ठेवा. दूर कुठेतरी भाकरी मोडणाऱ्या माणसाला त्या घासामागचे हात दिसतील, आणि पुढच्या वेळी भावावरून घासाघीस करताना तो जरा थांबेल.