मेन्थिया (द्राक्ष)

मेन्थिया ही स्पेनच्या वायव्य भागातील काळ्या द्राक्षांची जात असून ती प्रामुख्याने लाल वाइनसाठी लावली जाते. लेओन प्रांताच्या पश्चिमेकडील बिएर्थो हा तिचा मुख्य प्रदेश होय. लगतच्या गालिथियातील रिबेरा साक्रा, वाल्देओरास व मोन्तेर्रेई येथेही तिची लागवड होते. मराठीत हे नाव 'मेन्सिया' असेही लिहिले जाते.

== उगम ==
ही जात म्हणजे फ्रान्समधील काबर्ने फ्रँक असावी, असा समज दीर्घकाळ होता. जनुकीय तपासणीत तो चुकीचा ठरला. पोर्तुगालच्या दाँव प्रदेशातील 'जायें' हे द्राक्ष आणि मेन्थिया एकच असल्याचेही स्पष्ट झाले. तिचे जनक मानले जाणारे आल्फ्रोशेरू व पातोर्रा हे दोन्ही वाण पोर्तुगालमधील आहेत. त्यामुळे तिला निव्वळ स्पॅनिश म्हणण्यापेक्षा इबेरियन द्वीपकल्पाची म्हणणे अधिक योग्य.

== बिएर्थो ==
बिएर्थो हे डोंगरांनी वेढलेले खोरे असून त्यातून सिल नदी वाहते. पोन्फेर्रादा हे येथील प्रमुख शहर. सान्तियागोकडे जाणारा यात्रामार्ग याच खोऱ्यातून जातो. अटलांटिक महासागराच्या प्रभावामुळे येथील हवा स्पेनच्या अंतर्भागापेक्षा सौम्य आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलॉक्सेरा या मुळांवरील किडीने येथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. पुनर्लागवडीत मेन्थियाचा प्रसार झाला. मात्र नव्या वेली बहुधा खोऱ्यातील सुपीक सपाटीवर लावल्या गेल्या. तेथे पीक भरघोस येई, पण वाइन फिकी व पातळ होई, आणि दोष मात्र जातीच्या माथी मारला गेला. वास्तविक उतारांवरील जमीन निराळी आहे. तेथे पाटीचा दगड (पूर्वी शाळकरी मुलांच्या पाट्या ज्याच्या असत तोच) विपुल आहे, माती उथळ आहे आणि जुन्या वेली थोडीच फळे धरतात. त्या फळांपासून होणारी वाइन दाट व सुगंधी असते.

बिएर्थोला 1989 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 1999 मध्ये आल्वारो पालासिओस व त्यांचे भाचे रिकार्दो पेरेस पालासिओस यांनी कोरुल्योन गावाच्या चढणीवरील जुने मळे घेऊन वाइननिर्मिती सुरू केली. त्यानंतर या जातीकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

== गुणधर्म ==
वाइनला लाल फळांचा व फुलांचा गंध असतो. फळ पिकू लागले की आम्लता झपाट्याने घटते, म्हणून तोडणीची वेळ साधणे महत्त्वाचे ठरते. रिबेरा साक्रातील नदीकाठचे मळे इतक्या तीव्र उतारावर आहेत की तेथे यंत्रे चालत नाहीत. पायऱ्यापायऱ्यांच्या ताली घालून वेली लावलेल्या असतात व तोडणी हातानेच करावी लागते.