बीच का लेना!

दर महिन्याच्या ९ तारखेला वाराणसीच्या सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची रांग लागते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं, तेव्हापासून हा तपासणीचा दिवस. मी उभी होते ती लघवीच्या डब्या वाटणाऱ्या बहनजींच्या टेबलाशी. डबी देताना त्या प्रत्येकीला बजावत होत्या, "पहले धो लेना, शुरू का छोड़ देना, बीच का लेना." गर्दी वाढली तसं नुसतं "बीच का लेना" उरलं. पण सगळी तपासणी या सूचनेवरच उभी असते. पहिल्या धारेत त्वचेवरचे जंतू उतरतात. ती डबीत गेली की नसलेला आजार दिसतो.

टेबलावर पट्टी बुडवून प्रथिनं आणि साखर लगेच कळते. जंतूंची खात्री मात्र कल्चरनेच होते. त्यासाठी एक हजारांश मिलिलिटर लघवी तारेच्या कडीने बशीतल्या माध्यमावर पसरतात, ती बशी ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात आणि सकाळी जंतूंचे ठिपके मोजतात. एकाच जातीचे शंभर ठिपके म्हणजे मिलिलिटरमागे एक लाख जंतू. बहुतेकदा ते ई. कोलायच असतात.

शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायकांच्या लघवीत असे जंतू असतात. ना जळजळ, ना ताप. म्हणून "मला काही त्रास नाही" या उत्तरावर विसंबता येत नाही. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढतं गर्भाशय त्यांच्यावर दाब देतं, जास्त करून उजवीकडे, आणि लघवी तुंबते. मधुमेह असेल, पूर्वी संसर्ग झालेला असेल, तर धोका आणखी वाढतो. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले की थंडीताप येतो आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याची भीती असते.

रांगेतल्या एकीच्या डबीत जेमतेम तळ झाकेल एवढी गडद पिवळी लघवी होती. सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. का, तर "रास्ते में जाएँगे कहाँ?" गल्ल्या, बाजार, घाट, सगळीकडे बायकांना हाच प्रश्न पडतो. पाणी टाळायचं, लघवी रोखायची आणि जंतूंना मूत्राशयात मुक्काम द्यायचा. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला बरोबरच आहे. पण पाण्याचं, कडी लागणारं स्वच्छतागृह वाटेत नसेल तर तो पाळायचा कसा? ते बांधणं हीसुद्धा गरोदर बाईची शुश्रूषाच आहे.

घरात कुणी गरोदर असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना लघवीच्या कल्चरबद्दल विचारा, त्रास नसला तरी. जंतू निघाले तर गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. डॉक्टरांनी दिलेला कोर्स मध्येच सोडू नका.