स्पर्शाचा हिशेब

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा केवळ डोळा बधिर करून केली जाते. रुग्ण जागा असतो आणि त्याची भीतीही जागीच राहते. अशा वेळी कोणी त्याचे तळहात हळुवार चोळल्यास चिंता कमी होते, असे काही अभ्यासांत आढळले आहे.

यामागे शास्त्रीय उपपत्ती आहे. रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धान्तानुसार स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अटकाव करतात. ठेच लागताच हात आपसूक तेथे जातो, त्याचे मर्म हेच. अर्थात मालिश हा भुलीला पर्याय नव्हे; पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असल्यास तेथे ती टाळलीच पाहिजे.

मग हा साधा उपाय दुर्मिळ का? औषधाला किंमत असते, यंत्राला घसारा असतो. स्पर्शाची नोंद मात्र कोणत्याच खात्यात होत नाही. शिवाय तो फुकटही मिळत नाही. त्याला परिचारिकेचा वेळ लागतो आणि सार्वजनिक रुग्णालयांत टंचाई नेमकी त्याचीच असते. म्हणूनच रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी एका प्रशिक्षित मदतनिसाची जागा धरली पाहिजे. ज्या सेवेसाठी तरतूद नाही, ती कोणाचीच जबाबदारी ठरत नाही.