टिरेट्टा बाजारातला भूप

भोपाळच्या अयोध्या नगरात संध्याकाळी चायनीजची हातगाडी लागली, की आमच्या शिष्यांचे लक्ष तंबोऱ्यावरून उडते. ज्या मंचुरियनसाठी ते उडते, ते मुळी चीनचे नव्हेच. 1975 च्या सुमारास मुंबईत नेल्सन वँग यांनी ते प्रथम केले, असे सांगतात. आणि हे वँग कलकत्त्याचे. तेव्हा या चवीचे माहेर पाहायचे तर कलकत्त्याचा टिरेट्टा बाजार गाठावा.

मी तेथे गेलो तो वाद्यांच्या निमित्ताने. लालबाजारापाशी, जुन्या चितपूर रस्त्यावर वाद्यांची दुकाने आहेत. त्यांच्या शेजारीच ही चिनी वस्ती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हेस्टिंग्जच्या अमदानीत, आचू नावाच्या चिनी गृहस्थाने हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावाचे अछिपूर आजही आहे. मागाहून कँटनचे सुतार आले, हक्का लोक आले ते जोड्यांच्या व चामड्याच्या धंद्यात शिरले, हूपेकडचे दंतवैद्य झाले. यांच्या देवळांना तेथे ‘चर्च’ म्हणतात, ही आणखी एक गंमत!

नववर्षाच्या सिंहनृत्यात ढोल आणि झांजा वाजतात. सिंह उडी घेणार, तशी लय चढते. तबलजीला ते समजावून सांगावे लागत नाही. चिनी संगीतातला एक प्रमुख पंचस्वरी मेळ म्हणजे तर सा रे ग प ध, आपल्या भूपाचेच स्वर!

पण 1962 च्या युद्धाने या वस्तीची लय मोडली. देशातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशीयांना राजस्थानातील देवली येथे छावणीत डांबले. त्यांत येथेच जन्मलेलेही होते. सुटल्यावर पुष्कळजण कॅनडाला गेले. टिरेट्टा बाजारात सकाळची न्याहारी अजून मिळते, पण विकणाऱ्यांत चिनी चेहरे थोडेच. 1969 साली निघालेले त्यांचे चिनी दैनिक 2020 साली बंद पडले.

वाचकहो, परमुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांनी या गोष्टीकडे परक्याची म्हणून पाहू नये. दरबार गेला तरी आमच्या वडिलांचे गाणे राहिले, कारण पुढ्यात बसून शिकणारे होते. पदार्थ गाडीवरही टिकतो. भाषेला मात्र घरात बोलणारे आणि वाचणारे लागतात.