सपातांचं गलबत

मुलांनो, गलबत कशाचं करतात? ‘लाकडाचं!’ असं कोकणातलं कुठलंही पोर डोळे मिटून सांगेल. पण पूर्व आफ्रिकेतल्या केनिया देशात एक आगळंच गलबत आहे. त्याचा कणा, फासळ्या, फळ्या, सगळं टाकाऊ प्लास्टिकचं! आणि अंगावर रंगीबेरंगी झूल आहे ती चक्क ३० हजार सपातांची. इंग्रजीत सपातांना ‘फ्लिप-फ्लॉप’ म्हणतात, म्हणून या गलबताचं नाव पडलं ‘फ्लिपफ्लॉपी’.

हे गलबत जन्मलं लामू बेटावर. आपल्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडत नैऋत्येला गेलं, की हा मुलूख लागतो. पूर्वी आपल्याकडची शिडाची गलबतं हिवाळी वाऱ्यांवर तिकडे व्यापाराला जात आणि वारे उलटे फिरले की परत येत. लामूचं जुनं गाव २००१ सालापासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथले बोळ इतके अरुंद, की सामान वाहायला आजही गाढवंच लागतात.

समुद्रावर जगणारं असं हे गाव. पण त्याच समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर काय आणून टाकू लागल्या? बाटल्या, डबे, झाकणं आणि तुटक्या सपाता! सपाता फोमच्या असतात. त्या बुडत नाहीत आणि कुजतही नाहीत. कुठल्या तरी दूरच्या गावात फेकलेली सपात शेकडो मैल तरंगत येते.

२०१६ साली बेन मॉरिसन यांच्या मनात आलं, या कचऱ्याचंच गलबत केलं तर? त्यांना साथ मिळाली लामूच्या अली स्कांदा यांची. अली म्हणजे गलबतं बांधणारे पट्टीचे कारागीर. पण लाकूड जाणणाऱ्या हातांना प्लास्टिक नवखं होतं. लाकडाला रेषा असतात, प्लास्टिकला नसतात. ते लाकडापेक्षा जास्त वाकतं आणि उन्हात तापलं की प्रसरण पावतं. अशा फळ्यांनी भर समुद्रात दगा दिला तर?

मग काम सुरू झालं. कचरा वेचायचा, निवडायचा, धुवायचा. यंत्रात भरडून त्याचे बारीक तुकडे करायचे. ते वितळवून साच्यांत घालायचे, की झाल्या फळ्या तयार! पुढे मात्र सगळं जुन्याच पद्धतीनं. तासणं, जोडणं, ठोकणं. सपातांचे तुकडे शेवटी वरून चिकटवले. एकूण १० टन, म्हणजे १० हजार किलो प्लास्टिक लागलं. सुमारे ९ मीटर लांबीचं हे गलबत १५ सप्टेंबर २०१८ रोजी पाण्यात उतरलं. आणि २०१९ च्या सुरुवातीला ते लामूहून निघून ५०० किलोमीटरवरच्या झांझिबारला सुखरूप पोचलं!

आता तुमच्यातला एखादा हुशार विचारेल, “एवढ्यानं समुद्र साफ झाला का?” नाही हं! २०२० साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की दरवर्षी सुमारे १ कोटी १० लाख टन प्लास्टिक समुद्रात जातं. त्यापुढे १० टन म्हणजे दर्यामे खसखस!

मग उपयोग काय? उपयोग असा, की ज्या वस्तूला किंमत येते ती कुणी फेकत नाही. बेटावरचा कचरा होडीत घालून लांबच्या कारखान्यात न्यायचा, तर भाडंच जास्त पडतं. तोच कचरा गावात भरडून त्याच्या फळ्या, खुर्च्या, बाकं केली, तर गावाला वस्तू मिळतात आणि हातांना काम. लामूत आता तेच चाललं आहे.

आपल्या देशातलंही एक उदाहरण पाहा. केरळच्या कोल्लम जिल्ह्यात नींदकरा बंदर आहे. तिथे २०१७ साली ‘शुचित्व सागरम्’ योजना सुरू झाली. पूर्वी जाळ्यात प्लास्टिक आलं, की मच्छीमार ते पुन्हा समुद्रातच टाकत. योजनेत त्यांना पिशव्या दिल्या गेल्या आणि कचरा बंदरावर येऊ लागला. तिथे बायका तो निवडून धूत. मग भरडलेलं प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात मिसळत. पहिल्या दहा महिन्यांत २५ टन कचरा समुद्रातून बाहेर आला!

पण सगळंच प्लास्टिक असं कामी येत नाही. वेफर्सच्या पुडीत वेगवेगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत. शिवाय एक प्लास्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं, तर दुसऱ्याला २५० अंश लागतात. दोन्हींची खिचडी केली तर फळी कच्ची राहते. म्हणून यंत्रापेक्षाही मोठं काम आहे ते निवडण्याचं.

ते कसं करतात, याची गंमत घरीच बघा. आई-बाबांकडून पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा छोटा तुकडा कापून घ्या. तो आणि बाटलीचं झाकण, दोन्ही बादलीतल्या पाण्यात नीट बुडवा, बुडबुडे जाऊ द्या आणि सोडा. झाकण वर येईल, तुकडा तळाशी जाईल. एकाच बाटलीची दोन प्लास्टिकं! निवडताना पाण्याची ही युक्ती कारखान्यांतही वापरतात. (वितळवायचा प्रयोग मात्र घरी मुळीच करायचा नाही. तो धूर विषारी असतो.)

आणि हो, प्रयोग झाल्यावर झाकण आणि बाटली कुठे जाणार, ते आई-बाबांना विचारून ठेवा. भंगारवाल्याकडे गेली, तर त्यांचं काहीतरी होईल. नाल्यात गेली, तर पुढचा पत्ता समुद्रच!